ग्राइंडरची किरकिर, समेची ओढ

जयपूरच्या ‘खजानेवालों का रास्ता’ या गल्लीत संगमरवराच्या मूर्ती घडतात. तिथे ग्राइंडर सुरू झाला की नवख्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

असं का होतं, हे न्यूकॅसल विद्यापीठाचे सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तपासलं. १३ जणांना मेंदूची सक्रियता टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून त्यांनी ७४ आवाज ऐकवले. बाटलीवर घासलेली सुरी सर्वांत नकोशी ठरली; ग्राइंडरही पहिल्या दहांत होता. वाहतं पाणी आणि बाळाचं हसू मात्र दुसऱ्या टोकाला. साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातले आवाज जास्त छळतात, आणि आपला कान नेमका तिथेच तिखट असतो. असा आवाज आला की भावनांशी निगडित अमिग्डाला मेंदूतल्या श्रवणकेंद्राची प्रतिक्रिया आणखी तीव्र करतो.

सुखद आवाजाची वाट वेगळी. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये दिसलं, की आवडत्या संगीताचा उत्कट क्षण जवळ येत असतानाच मेंदूत सुखाशी निगडित डोपामाइन हे रसायन स्रवू लागतं. क्षण आला की ते मेंदूच्या दुसऱ्या भागात स्रवतं. म्हणजे वाट पाहणंही सुखाचंच! तो प्रयोग वाद्यसंगीतावर होता. जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार तान समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत श्रोत्याच्या मेंदूत काय चालतं, तेही असंच मोजायला हवं.