कपाटातल्या कॅसेटी आणि एचडी डिस्क

मागच्या महिन्यात बियाणांविषयी बोललो, आज थोडा वेगळा विषय. तुमच्यापैकी कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पेटीत लग्नाच्या अल्बमशेजारी छोट्या छोट्या व्हिडिओ कॅसेटी पडून असतील. कोणाचा दीर मुंबईहून कॅमेरा घेऊन आलेला असतो, कोणाच्या भावाने गल्फमधून आणलेला असतो. त्यावर मुलांची बारशी असतात, गावची जत्रा असते, आणि आता हयात नसलेली माणसं चालती-बोलती असतात. आमच्या गटातल्या एका ताईकडे अशी कॅसेट आहे. तिची आई जात्यावर बसून ओव्या म्हणतेय, पंधरा-वीस मिनिटं. आईचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नाही.

ही ताई तालुक्याच्या एका दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "एचडी करून देतो, पैसे जास्त पडतील." हे ऐकून आम्ही गटात बसलो आणि एचडी म्हणजे नेमकं काय ते समजून घेतलं. तेच तुम्हाला सांगतोय.

रांगोळीचे ठिपके डोळ्यांसमोर आणा. ठिपके जितके जास्त, तितकी नक्षी बारीक काढता येते. टीव्हीचं चित्रही ठिपक्यांचंच. साध्या डीव्हीडीवर आडवे 720 आणि उभे 576 ठिपके असतात, म्हणजे एकूण सव्वाचार लाखांच्या आसपास. पूर्ण एचडीमध्ये आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे वीस लाखांवर. जवळजवळ पाचपट. पण कॅमेऱ्याने शूटिंग करतानाच जर सव्वाचार लाख ठिपके टिपले असतील, तर नंतर कोणी कितीही पैसे घेतले तरी उरलेले ठिपके येणार कुठून? यंत्र मधल्या जागा अंदाजाने भरतं. चित्र मोठं होतं, आईच्या चेहऱ्यावरची सुरकुती काही नव्याने उमटत नाही. म्हणून पहिला प्रश्न दुकानदाराला नाही, कॅमेऱ्याला विचारायचा.

कॅमेरा किंवा कॅसेट हातात घेऊन बघा. त्यावर व्हीएचएस-सी, हाय-8, डिजिटल-8 किंवा नुसतं मिनी डीव्ही लिहिलं असेल, तर ते साधं चित्र. त्याची चांगली डीव्हीडी करून घ्या, एचडीचे पैसे देऊ नका. एचडीव्ही लिहिलेला कॅमेरा असेल तर त्याच लहान मिनी डीव्ही कॅसेटीवर एचडी चित्र असू शकतं, कारण कॅसेट तीच, लिहिण्याची पद्धत वेगळी. आणि एव्हीसीएचडी असं लिहिलं असेल तर तो नक्की एचडी. ही पद्धत सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी 2006 मध्ये आणली. यात शूटिंग बहुधा मेमरी कार्डावर किंवा कॅमेऱ्याच्या आतल्या हार्ड डिस्कवर होतं.

ताईची कॅसेट साधी मिनी डीव्ही निघाली. तिचे जादा पैसे वाचले. पण गटातल्याच दुसऱ्या एकीकडे एव्हीसीएचडी कॅमेऱ्याचं कार्ड होतं, गौरीच्या खेळांचं आणि फुगड्यांचं. तिथे एचडी डिस्क करण्यात अर्थ होता.

आता डिस्कचं. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतं, ब्लू-रे डिस्कच्या एका थरात 25 जीबी. दोन्ही दिसायला सारख्याच, पण डीव्हीडी लाल लेझरने वाचली जाते आणि ब्लू-रे निळसर जांभळ्या लेझरने. तो किरण बारीक, म्हणून अक्षरंही बारीक लिहिता येतात. ब्लू-रे लिहिणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पण एक मधला रस्ता आहे, तो फार जणींना माहीत नसतो. एव्हीसीएचडी चित्र साध्या कोऱ्या डीव्हीडीवरही लिहिता येतं. अशी डिस्क पुष्कळशा ब्लू-रे प्लेअरवर एचडीमध्येच दिसते. साध्या डीव्हीडी प्लेअरवर मात्र ती चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाहुण्यांसमोर पंचाईत. आणि मावतं थोडं. सेकंदाला 17 मेगाबिट असं शूटिंग असेल तर एका डीव्हीडीवर साधारण 36 मिनिटं बसतात. तेच ब्लू-रेवर तीन तासांच्या वर.

काम करताना सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे चित्र पुन्हा पुन्हा दाबायचं नाही. कॅमेऱ्याने ते एकदा दाबून भरलेलं असतं. ते जसंच्या तसं डिस्कवर नेणं म्हणजे एका डब्यातलं पीठ दुसऱ्या डब्यात ओतणं. संगणकाने ते उघडून नव्याने दाबलं, की दर वेळी थोडं सत्त्व जातं, डाळ जास्त धुतल्यासारखं. टीएसमक्सर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते चित्राला हात न लावता डिस्कला लागणारी फोल्डरं तयार करून देतं, आणि मधे प्रकरणंही पाडता येतात. मग ती फोल्डरं इमगबर्न या फुकट सॉफ्टवेअरने डीव्हीडीवर लिहायची. तिथे यूडीएफ 2.50 हा पर्याय निवडायचा. वेग कमी ठेवायचा, घाई नको. एचडीव्ही कॅसेट असेल तर मात्र साध्या डीव्हीडीसाठी चित्र नव्याने दाबावंच लागतं. ब्लू-रे डिस्कवर ते चित्र तसंच चालतं, फक्त आवाज बदलावा लागतो.

मेमरी कार्डावरून घेताना नुसती व्हिडिओ फाइल उचलू नका, सगळं फोल्डर जसंच्या तसं घ्या. लांब शूटिंगचे कॅमेरा आपोआप तुकडे करतो. सुटे तुकडे घेऊन जोडले की जोडावर चित्र किंवा आवाज अडखळू शकतो. आणि संगणकावर बघताना हात हलताना चित्राला फणीचे दात दिसले तर घाबरू नका. या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळसे एक ओळ आड एक ओळ असं अर्धं अर्धं चित्र टिपतात. टीव्ही ते नीट विणून दाखवतो. डिस्क टीव्हीसाठी असेल तर ते दात पुसायला जाऊ नका.

कॅसेटवालीचं काम वेळखाऊ. एक तासाची कॅसेट संगणकात उतरवायला एक तासच लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. फायरवायर नावाची वायर लागते. बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबीच्या वायरने पूर्ण दर्जाचं चित्र येत नाही. नव्या संगणकांत फायरवायरची जागा नसते, म्हणून जुना संगणक कोणाकडे असेल तर तो भंगारात द्यायच्या आधी विचारा. तासाला 13 जीबी जागा धरा.

कोकणपट्टीतल्या आणि घाटाखालच्या मैत्रिणींसाठी एक वेगळं सांगणं. पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी कॅमेऱ्याच्या आतल्या भागांना लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही. अशी कॅसेट वेगळी ठेवा आणि जाणत्या माणसाकडेच साफ करायला द्या.

हे सगळं आता का? कॅसेट वाचणारे कॅमेरे दुरुस्त करणारी माणसं कमी होत चालली आहेत. सोनी कंपनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि मिनी डीव्ही कॅसेटी बनवणं 2025 मध्ये थांबवलं. म्हणून नुसत्या डिस्कवर विसंबायचं नाही. मूळ फाइल हार्ड डिस्कवर एक आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावात, माहेरी म्हणा, ठेवायची. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या टिकल्या त्या अशाच कोणी नीट लिहून, ध्वनिमुद्रित करून ठेवल्यामुळे.

डिस्कवर बॉलपेनने लिहू नका, कागद चिकटवू नका. डिस्कसाठीचा मऊ मार्कर वापरा. गाव, साल, आणि चित्रात कोण कोण आहे ते लिहा. वीस वर्षांनी नातवंडांना मागच्या रांगेतली काकू ओळखू येणार नाही. आणि प्रती वाटण्याआधी चित्रातल्या बायकांना विचारा. अंगणातल्या फुगडीला हो म्हटलेली बाई ती सगळ्या गावाच्या फोनवर फिरायला हो म्हणेलच असं नाही. आमच्या गटात दोघींनी नको म्हटलं, तेवढा भाग आम्ही प्रतींतून वगळला, मूळ फाइलमध्ये राहू दिला.

येत्या मंगळवारच्या बैठकीला ज्यांच्याकडे कॅसेटी किंवा कार्डं असतील त्यांनी ती आणा. कॅमेरा असेल तर त्याच्या चार्जरसकट आणा, वायर विसरू नका.