प्लास्टिकचे तेल, पऱ्हाटीचा कोळसा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर रचली जाते. थोडी चुलीत जाते, बरीचशी पेटवून दिली जाते. त्याच बांधावर ठिबकच्या फाटक्या नळ्या, आच्छादनाचा जीर्ण प्लास्टिक कागद आणि केळीच्या घडांवर चढविलेल्या पिशव्याही साचतात. या दोन्ही टाकाऊ पदार्थांपासून इंधन आणि जैवकोळसा, म्हणजेच बायोचार, मिळविता येतो.

यामागचे तंत्र उष्माविघटनाचे, म्हणजे पायरॉलिसिसचे. बंद भट्टीत प्राणवायूचा शिरकाव होऊ न देता पदार्थ साधारणपणे ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की तो जळत नाही. त्याचे लांबलचक रेणू तुटतात. निघालेली वाफ थंड केली की तेल मिळते, उरलेला वायू भट्टी तापविण्यास वापरता येतो आणि तळाशी कोळसा राहतो.

पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन हे केवळ कर्ब आणि हायड्रोजनचे बनलेले असल्याने त्यांचे तेल डिझेलच्या जवळ जाते. वनस्पतींत प्राणवायू अधिक असल्याने त्यांचे तेल आम्लधर्मी व कमी उष्णता देणारे असते. दोन्ही एकत्र तापविल्यास प्लास्टिकमधील हायड्रोजन ही उणीव काही अंशी भरून काढतो. समुद्रशेवाळ व प्लास्टिक एकत्र तापविण्याच्या प्रयोगांमागील कल्पना हीच आहे. समुद्र नसलेल्या खानदेशात शेवाळाची जागा पऱ्हाटी घेऊ शकते. केळीच्या खोडात मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते वाळविण्यातच ऊर्जा खर्ची पडेल. त्यासाठी खत किंवा धागा हाच मार्ग बरा.

हे तंत्र भारताला नवे नाही. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ मध्ये दररोज एक टन प्लास्टिकपासून डिझेल बनविण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुण्यातील ‘रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन’ने घरोघरचे प्लास्टिक गोळा करून त्याचे इंधन बनविण्याचा मार्ग दाखविला.

तथापि काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. पीव्हीसीचे पाइप भट्टीत गेल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. म्हणून वर्गीकरण अनिवार्य ठरते. प्लास्टिकचे मूळ खनिज तेलात असल्याने त्याच्या इंधनाला अक्षय इंधन म्हणता येत नाही. तो मान पऱ्हाटीचाच. शिवाय जे प्लास्टिक पुन्हा वापरता येते, ते जाळण्याऐवजी जळगावच्या चटई उद्योगासारख्या ठिकाणी जाणे अधिक हिताचे. २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमही तेल किंवा ऊर्जेसाठी, पुनर्वापर न होणाऱ्या प्लास्टिकलाच प्राधान्य देतात.

सर्वांत मोठा धोका जमिनीला आहे. शुद्ध पऱ्हाटीचा जैवकोळसा जमिनीत ओलावा धरतो आणि त्यातील कर्ब शेकडो वर्षे टिकू शकतो. प्लास्टिकमिश्रित कोळशात मात्र रंगद्रव्यांतील जड धातू व अन्य घातक अवशेष राहू शकतात. तो शेतात टाकणे धोक्याचे. त्यातच जैवकोळसा बहुधा अल्कधर्मी असतो आणि खानदेशची काळी जमीनही तशीच. त्यामुळे माती परीक्षणाशिवाय तो घालणे अयोग्य. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीला जे मानवेल, ते तापीकाठी मानवेलच असे नाही.

तेव्हा इंधनासाठी दोन्ही पदार्थ एका भट्टीत गेले, तरी शेतासाठीचा कोळसा स्वतंत्र भट्टीतच व्हायला हवा. काळी भुकटी दिसायला सारखीच असते. ती कशापासून बनली, हे विकत घेण्यापूर्वी शेतकऱ्याने विचारलेच पाहिजे.