विश्लेषण : उपचारांच्या ‘गाइडलाइन्स’वर विश्वास कधी ठेवावा?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांचे नातेवाईक प्लाझ्मादात्यांच्या शोधात रात्रंदिवस फोन फिरवत होते. १७ मे २०२१ रोजी राष्ट्रीय उपचार सूचनांमधून प्लाझ्मा वगळण्यात आला. तोपर्यंत मर्यादित रुग्णांसाठी, लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांच्या आत, त्याचा विचार करण्याची मुभा होती. चांगली मार्गदर्शक सूचना आणि कच्ची सूचना यांत फरक कसा करायचा?

प्लाझ्माबाबत काय घडले?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर ‘प्लॅसिड’ चाचणी घेतली. आजार गंभीर होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्या गटात १९ टक्के आणि न दिलेल्या गटात १८ टक्के होते. म्हणजे फायदा दिसलाच नाही. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुरावा हाती येणे आणि सूचना बदलणे यांत सुमारे सात महिने गेले.

सूचनांचा दर्जा कसा मोजतात?

त्यासाठी ‘अ‍ॅग्री-२’ हे साधन जगभर वापरले जाते. सहा विभाग, २३ मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याला १ ते ७ गुण. किमान दोन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतात. पुरावा शोधण्याची पद्धत ठरलेली होती का? शिफारस आणि पुरावा यांचा संबंध स्पष्ट दाखवला आहे का? सूचना अद्ययावत कशी करणार, हे लिहिले आहे का? रुग्णांचे मत घेतले का? पैसे देणाऱ्याचा प्रभाव पडला का? असे प्रश्न त्यात असतात. प्लाझ्माच्या बाबतीत यातले दुसरे आणि तिसरे प्रश्नच कळीचे ठरतात.

मग ‘राइट’ काय आहे?

ही २०१७ मध्ये आलेली २२ मुद्द्यांची तपासयादी. सूचना कशी तयार झाली, याची माहिती दस्तऐवजात पूर्ण दिली आहे का, हे ती पाहते. समितीने काम चोख केले, पण ते लिहिलेच नाही, तर बाहेरच्या डॉक्टरला ते कळणार कसे? उलट, सगळे नीटनेटके लिहिले म्हणून काम चोख झाले, असेही नाही. म्हणून दोन्ही तपासण्या वेगळ्या.

चांगले गुण म्हणजे सल्ला अचूक?

नाही. गुण तयार करण्याच्या प्रक्रियेला मिळतात. पुरावाच तोकडा असेल, तर उत्तम प्रक्रियेतूनही ठाम उत्तर निघत नाही. अशा वेळी पुरावा कमकुवत असल्याचे स्पष्ट सांगणे, हेच चांगल्या सूचनेचे लक्षण. ‘ग्रेड’ पद्धतीत पुराव्याच्या खात्रीचे उच्च, मध्यम, कमी आणि अत्यंत कमी असे चार स्तर त्यासाठीच आहेत.

तुम्ही काय पाहाल?

व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या गाइडलाइनची पीडीएफ आली, तर चार गोष्टी शोधा : तारीख, तयार करणाऱ्यांची नावे, पुराव्याचा स्तर आणि हितसंबंधांची घोषणा. यातले काही सापडले नाही, तर ती फॉरवर्ड करण्याआधी थांबा. मात्र त्यावरून सुरू असलेले औषध परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.