पंचाहत्तरीचें पान

आमच्या मातोश्रींचा वाढदिवस केव्हां असतो, हें आमच्या घरांत बरींच वर्षें कोणासच ठाऊक नव्हतें. थोरल्या काकांची, वडिलांची, आम्हां भावंडांची आणि पुढें नातवंडांची तिथि त्यांना तोंडपाठ. त्या त्या दिवशीं पहाटे तेल लावून न्हाऊं घालणें, पाटाभोंवतीं रांगोळी, औक्षण, गव्हल्यांची खीर, हें सर्व बिनबोभाट होत असे. त्यांची स्वतःची तिथि कोणीं विचारली नाहीं व त्यांनींहि सांगितली नाहीं. पासपोर्ट काढण्यासाठीं शाळेचा जुना दाखला शोधावा लागला, तेव्हां जूनमधली एक तारीख उजेडांत आली, आणि पंचाहत्तर वर्षें पुरीं होण्यास अवघे पांच महिने उरले आहेत हेंहि त्याच वेळीं कळलें.

पासपोर्टाचें निमित्त म्हणजे आमची कन्या. ती संशोधनाकरितां बार्सिलोना येथें असते. आजीचें पंचाहत्तरीचें पान तेथेंच मांडावयाचें, असा तिनें हट्ट धरला. तेथील एका नव्या धर्तीच्या नामांकित भोजनगृहांत चार पानांची जागा तिनें दोन महिने आधीं, पैसे आगाऊ भरून, राखूनहि ठेविली. हा निव्वळ हौसेचा कारभार नव्हता. तीर्थरूप गेल्यापासून मातोश्रींचें अन्नावरचें मन उडालें होतें. दुपारीं चार घास आणि दिवेलागणीच्या आंत वाटीभर ताकभात. त्यापलीकडे कांहीं नाहीं. डॉक्टरांस कोणताहि रोग सांपडला नाहीं. विचारलें तर “जेवण उरकलं माझं” एवढेंच म्हणत. जिनें चौदा माणसांच्या घरांत पन्नास वर्षें रांधलें, तिला स्वतःपुरतें जेवावें कसें हें ठाऊकच नव्हतें, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत. आणि तें खोटें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मातोश्रींचे आक्षेप दोन होते. एक, जेथें मत्स्यमांस शिजतें त्या चुलीवरचें अन्न. दुसरा, दिवे लागल्यावर जेवावयाचें नाहीं हा त्यांचा अलीकडचा नेम. पहिल्यासाठीं कन्येनें भोजनगृहाशीं लेखी ठराव केला होता: मांस, मासा, अंडें नाहीं; त्यांचें कढवलेलें पाणीहि नाहीं. दुसऱ्या आक्षेपाचा निकाल खुद्द सूर्यनारायणानेंच लाविला. स्पेन देश भूगोलाच्या दृष्टीनें ग्रीनिचच्या रेषेलगत आहे. पण 1940 सालीं तेथील घड्याळें मध्य यूरोपच्या वेळेप्रमाणें एक तास पुढें केलीं गेलीं, तीं पुन्हां मागें आलींच नाहींत. त्यांत उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळें जूनमध्यें बार्सिलोनास सूर्य मावळतो तो रात्रीं साडेनवाच्या सुमारास, आणि स्पॅनिश लोक रात्रीं नऊ-दहाच्या आंत पानावर बसत नाहींत. आमची साडेआठची वेळ तेथें लवकरची समजतात. आम्ही दारांत पोंचलों तेव्हां समोरच्या भिंतीवर लख्ख ऊन होतें. मातोश्रींनीं आकाशाकडे पाहिलें व मुकाट्यानें पायरी चढल्या.

हें नवें स्पॅनिश पाककौशल्य म्हणजे काय, हें वाचकांस थोडें सांगावयास हवें. फ्रेंच आचाऱ्यांचें वर्चस्व यूरोपांत अबाधित होतें, तेव्हां 1976 च्या सुमारास सान सेबास्तियानकडील बास्क प्रांतांत हुआन मारी आर्साक, पेद्रो सुबिहाना आदि मंडळींनीं आपल्याच मुलखांतील पदार्थांस नवें रूप देण्याचा उद्योग आरंभिला. पुढें कातालोनियांत रोसेस गांवाजवळच्या एका लहानशा खाडीवर ‘एल बुल्यी’ नांवाच्या भोजनगृहांत फेरान आद्रिया ह्यानें स्वयंपाकघराची प्रयोगशाळाच करून टाकिली. हें गृह वर्षांतून साधारण सहा महिने उघडें असे. उरलेला काळ नवे पदार्थ शोधण्यांत जाई. 2011 च्या जुलैंत तें बंद झालें. तेथें शिकलेल्या तिघां आचाऱ्यांनीं 2014 सालीं बार्सिलोनांत ‘दिस्फ्रुतार’ काढलें, तें 2024 सालीं जगांतील उत्तम भोजनगृहांच्या एका प्रसिद्ध यादींत पहिलें आलें. जिरोना शहरांत रोका आडनांवाचे तिघे भाऊ मिळून जें गृह चालवितात, त्यासहि तोच मान 2013 व 2015 सालीं मिळाला होता. एक भाऊ स्वयंपाक पाहतो, एक मद्यांचें, एक गोडाचें. एकत्र कुटुंब मोडलें असें म्हणणारांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

आम्ही गेलों तें गृह ह्यांपैकीं नव्हे. पण परंपरा तीच. यादी हातांत देत नाहींत. वाढपी आणतो तें खावयाचें. अशा ठिकाणीं दरडोई 200 युरोंच्या वर आकार पडणें नवल नाहीं. मातोश्रींनीं आंकडा विचारला, तेव्हां कन्येनें “आगाऊ दिलेत, आजी” एवढेंच सांगितलें, आणि आम्हीं चष्मा पुसावयास घेतला.

पहिला पदार्थ एका चमच्यांत आला. हिरवट, थरथरणारा गोळा. मातोश्रींनीं हात मागें घेतला. त्यांना तें अंड्याचें बलक वाटलें. वाढप्यानें समजावून दिलें कीं, हा ऑलिव्ह फळांचा रस आहे. समुद्रांतील तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट नांवाची पूड काढतात. ती पाण्यांत विरवून त्यांत कॅल्शियम घातलेला रस अलगद सोडला कीं, रसाभोंवतीं तलम पापुद्रा धरतो आणि आंतला रस पातळच राहतो. मातोश्रींनीं तो तोंडांत टाकिला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, “पुरी नसलेली पाणीपुरी!” कन्येनें ह्याचें भाषांतर कसें केलें कोणास ठाऊक, वाढपी मात्र मनापासून हंसला.

मग बदाम, लसूण व पाव वाटून केलेलें पांढरें गार सार आलें, वर द्राक्षें. हा आंदालुसियाकडचा जुना पदार्थ. टोमॅटो अमेरिकेहून यूरोपांत आले ते सोळाव्या शतकांत, आणि हें बिनटोमॅटोचें सार त्यांची वाट पाहात बसलेलें नव्हतें. त्यानंतर निखाऱ्यावर भाजलेलीं वांगीं व तांबड्या मिरच्या, सालें काढून, तेलांत मुरविलेल्या. कातालान लोक त्यास ‘एस्कालिवादा’ म्हणतात. त्या शब्दांतच निखाऱ्यांत भाजण्याचा अर्थ आहे. येथें तो एका काळ्या दगडावर चार बोटें लांबीच्या पट्टीसारखा मांडला होता. “भरीत आहे. कोथिंबीर विसरलेत,” असा मातोश्रींचा अभिप्राय पडला, पण पट्टी संपली. आमच्या सौभाग्यवतींनीं टेबलाखालून आमच्या पायास पाय लाविला, त्याचा अर्थ आम्हांस बरोबर कळला.

आणि मग भात आला.

रुंद, उथळ लोखंडी कढईंत केशरी भात. वर आर्टिचोकच्या पाकळ्या. वाढप्यानें आमचीं पानें वाढलीं. मातोश्रींनीं चमचा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खालीं ठेविला. “ह्यांत मासा आहे,” त्या हलकेच म्हणाल्या. मातोश्रींचें माहेर रत्नागिरीकडचें, बंदराच्या वाटेवर. तो वास त्यांना कोणी शिकवावयास नको होता. वाढपी म्हणाला, शक्यच नाहीं. कन्येनें निक्षून सांगितल्यावर तो ताट घेऊन आंत गेला. त्या पांच मिनिटांत आम्ही चौघेंहि एकमेकांकडे पाहूं शकलों नाहीं. कन्येच्या डोळ्यांत पाणी तरळलें. आम्हांस राग आला होता, पण खरें सांगावयाचें तर त्याहून अधिक भय वाटत होतें: पंचाहत्तराव्या वर्षीं, आम्हीं आग्रह करकरून आणलेल्या ठिकाणीं, आईचें पान अर्धवट उठणार.

मुख्य आचारी स्वतः बाहेर आला. चाळिशीचा माणूस, हाताला भाजल्याचे जुने डाग. त्यानें सबब सांगितली नाहीं. शेजारच्या टेबलाच्या भातासाठीं मासे उकळून काढलेलें पाणी आमच्या कढईंत पडलें होतें. दोन पातेलीं शेजारीं शेजारीं होतीं. तो छातीवर हात ठेवून उभा राहिला. सर्व जेवणाचे पैसे परत करतों म्हणाला.

मातोश्रींनीं त्याच्या हातांकडे पाहिलें. मग कन्येस म्हणाल्या, “त्याला सांग, माझ्या सासऱ्यांच्या श्राद्धाच्या खिरींत मीं साखर म्हणून मीठ घातलं होतं. ब्राह्मण पानावर बसलेले होते. डबे शेजारीं होते.” ही गोष्ट आम्हीं जन्मांत ऐकिली नव्हती. पुढें म्हणाल्या, “पैसे नकोत. साधा भात करायला सांग. मीठ, केशर आणि त्यांचं तें तेल. मी थांबतें.”

वीस मिनिटांनीं नवी कढई आली, आणि ती आचाऱ्यानेंच आणिली. हा तांदूळ ‘बोंबा’ जातीचा. दाणा आंखूड, आपल्या मापाच्या तिप्पट पाणी पिऊनहि मोकळा राहतो. स्पेनमध्यें भातशेती रुजविली अरबांनीं. म्हणून तेथील ‘अर्रोस’ हा शब्द अरबी, केशराचें नांवहि अरबीच. हा भात शिजतांना ढवळीत नाहींत. पाणी आटल्यावर शेवटीं आंच वाढवितात, त्यामुळें तळाशीं तांबूस, खमंग थर धरतो. वालेन्सियाकडे त्यास ‘सोकार्रात’ म्हणतात. आचाऱ्यानें लोखंडी कालथ्यानें तो थर सोडविला, आणि सर्वांआधीं मातोश्रींच्या पानांत वाढला.

“अग, ही खरवड!” त्या म्हणाल्या.

कन्येनें सांगितलें कीं, ह्या लोकांत पातेल्याचा हाच भाग मानाचा. त्यावरून भांडणें होतात. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. आमच्या घरीं खरवड कोणाची, हें सांगावयाची गरज कोणास नव्हती. पंगती उठल्यावर, मुलें निजल्यावर, पातेलें पुढ्यांत ओढून ती खरवडीत बसलेली आई आम्हीं लहानपणीं अंथरुणांतून ऐकिलेली आहे. कारण तो कालथ्याचा आवाज घरांतला शेवटचा आवाज असे. तिला खरवड आवडते, अशी आमची तेव्हां समजूत होती.

“खरवड आवडते का हो तुम्हांला खरंच?” सौभाग्यवतींनीं आज हें विचारून टाकलें.

“तेव्हां कुठं कळायला वेळ होता?” मातोश्री म्हणाल्या, आणि एक तुकडा मोडून त्यांनीं तोंडांत टाकिला. “चांगली लागते कीं.” मग दुसरा सूनबाईच्या पानांत ठेविला. भात त्यांनीं दोनदां मागून घेतला. आंच किती वेळ ठेवितां, झांकण घालतां कीं नाहीं, हें त्यांनीं आचाऱ्यास खोदखोदून विचारलें. झांकण घालीत नाहीं, हें ऐकून मात्र त्यांना तें पटलें नाहीं.

शेवटीं गोड म्हणून दुधाची आटीव साय, वर साखर जाळून केलेली कांच. त्यांत अंड्याऐवजीं मक्याचें पीठ घातल्याची खात्री आचाऱ्यानें दोनदां दिली. मध्यें एक बारीक मेणबत्ती होती. वाढपी मंडळी भोंवतीं जमून कातालान भाषेंत “पेर मोल्ट्स् आन्यस्” म्हणालीं, म्हणजे पुष्कळ वर्षें लाभोत. आतां फुंकर घालावयाची, असें त्यांनीं हातानें दाखविलें. मातोश्रींनीं मान हलविली. वाढदिवशीं दिवा लावतात, मालवीत नाहींत.

तेव्हां ती मेणबत्ती तशीच राहूं दिली. जेवण झाल्यावरहि गप्पा मारीत पानावरच बसून राहावें, अशी त्या देशाची रीत आहे. त्यास ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्दच त्यांच्या भाषेंत आहे. बाहेर अंधार पडून बराच वेळ झाला होता. मातोश्री कन्येस खिरीची ती गोष्ट पहिल्यापासून सांगूं लागल्या, कोण कोण पानावर होतें, पहिला घास कोणीं घेतला, सासूबाई काय म्हणाल्या. मेणबत्ती विझली तेव्हां गोष्ट निम्मी झाली होती.