तोंडात फोड दिसले? आधी खूर अन् नाक पाहा

म्हैस वैरणीला तोंड लावत नाही, शेळी मान टाकून उभी, तोंडाला लाळ. पशुपालक बंधूंनो, अशा वेळी आपण तोंड उघडून बघतो आणि फोड दिसले की 'लाळ्या आला' म्हणून मोकळे होतो. पण नुसत्या तोंडावरून रोग ओळखायला जाल तर फसाल.

लाळ्या-खुरकूत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर सर्वांना होतो. ताप येतो, जिभेवर व हिरड्यांवर फोड येतात, तारेसारखी लाळ गळते. मुख्य खूण पायात. खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर लंगडतं. शेळीत तर तोंडापेक्षा लंगडणंच आधी नजरेत भरतं.

पीपीआर शेळ्या-मेंढ्यांचा. तोंडात कोंडा शिंपडल्यासारखा थर, घाण वास, नाकातून घट्ट शेंबूड, हगवण आणि धाप. खूर मात्र चांगले. यात कळपच्या कळप बसतो.

मावा झाला तर ओठांच्या कडेला जाड खपल्या धरतात. हा माणसाच्या हातालाही लागतो, म्हणून उघड्या हाताने खपल्या काढू नका.

गोरेगावच्या आरे कॉलनीत १९४९ पासून हजारो म्हशी शेजारी-शेजारी तबेल्यांत आल्या. बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात परराज्यांतून बकरे उतरतात. अशा गर्दीत एक आजारी जनावर पुरे. बाजारातून आणलेलं किंवा न विकता परत आलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा. आजारी जनावराचं तोंड तुरटीच्या पाण्याने धुवा, गोठ्यात धुण्याच्या सोड्याचं चार टक्के पाणी मारा. लाळ्याची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्या. पीपीआरची एक लस सुमारे तीन वर्षं पुरते. दोन्ही लसी रोग येण्याआधीच्या, आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

घरातल्या लेकराच्या तोंडात, तळहातावर फोड आले तर म्हशीला दोष देऊ नका. तो 'हात-पाय-तोंड' नावाचा माणसांचाच रोग, विषाणू निराळा. मूल डॉक्टरांना दाखवा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनीही ध्यानात ठेवावं. २००९ च्या कायद्याने मालकाने असा रोग गावात कळवायचा आणि गावाने लेखी पशुवैद्यकाला. लपवलेला फोड एका गोठ्यात राहत नाही, शेजाऱ्याचीही दावण रिकामी करतो.