जुना रुमाल, नवी नक्षी

बालमित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी ट्रंक आहे का? आजीच्या रुखवतातल्या वस्तू तिच्यात असतील, तर आजीला विचारून एकदा उघडून बघा. फुलदाणीखाली ठेवायचा दोऱ्याचा गोल, जाळीदार रुमाल सापडेलही! क्रोशाचा वाटला तरी जरा जवळून पाहा. बारीक बारीक कड्या, त्यांच्यावर गाठींची दाट रांग आणि मध्येमध्ये दोऱ्याचे इवलेसे फासे दिसले, तर ते टॅटिंग आहे असं समजा.

टॅटिंगचं मुख्य हत्यार म्हणजे शटल. होडीच्या आकाराचं, चपटं, मुठीत मावणारं. फ्रेंच लोक या कामाला ‘फ्रिव्होलिते’ म्हणतात आणि इटालियन लोक ‘कियाक्किएरिनो’, म्हणजे चक्क बडबड्या! लंडनमध्ये रिएगो द ला ब्राँशार्दियेर या बाईंनी 1850 साली टॅटिंगचं पुस्तक काढलं. त्या काळी कड्या सुट्या करून सुईदोऱ्यानं जोडत. पुढे फाशातून दोरा ओढून विणतानाच कड्या जोडण्याची युक्ती निघाली आणि मोठे नमुने सोपे झाले. 1886 मध्ये तेरेझ द दिलमाँ यांनी सुईकामाचा जाडजूड कोश लिहिला, त्यातही टॅटिंगवर प्रकरण आहे. म्हणजे बघा, ज्याला आपण ‘जुना नमुना’ म्हणतो, तोही कुणीतरी आधीच्या कामात बदल करूनच घडवलेला असतो. मग तुम्ही का नाही करायचा?

त्यासाठी टॅटिंगची बाराखडी हवी. ती फार छोटी आहे. पहिली जोडगाठ : दोन अर्ध्या गाठी मिळून एक. दुसरी कडी, तिसरी साखळी आणि चौथा पिको, म्हणजे दोन गाठींमध्ये सोडलेला फासा. (साडीच्या पिको-फॉलमधला पिको निराळा हं!) गंमत गाठीत आहे. शटलचा दोरा ताणला, की गाठ उडी मारून दुसऱ्या दोऱ्यावर बसते. शटलचा दोरा आत सरळ राहतो, म्हणूनच तो ओढल्यावर कडी मिटते. गाठीनं उडी मारली नाही, तर कडी मिटतच नाही.

आता जुना रुमाल वाचू या. हो, वाचायचाच! भिंग घ्या आणि मोजा. समजा, मधल्या कडीत 24 गाठी आहेत आणि दर 4 गाठींनंतर एक पिको, म्हणजे 6 पिको. प्रत्येक पिकोला एक छोटी कडी जोडली आहे, 4 गाठी या बाजूला, 4 त्या बाजूला. दोन छोट्या कड्यांमध्ये 12 गाठींची साखळी, तिच्या मधोमध एक पिको. झालं सहा पाकळ्यांचं फूल! हे सगळं वहीत चित्र काढून लिहून ठेवा.

मग बदल करा. पण एका वेळी एकच. पिको लांब करा, फूल झुबकेदार दिसेल. साखळीला एकाऐवजी तीन पिको द्या, कडेला झालर येईल. साखळी 16 गाठींची केली तर? पाकळी मोठी होईल. पण दोरा दाटीवाटीनं वर उठून लाटा पडू लागतील. 8 गाठींचीच केली, तर कड आखडेल आणि रुमालाची वाटी होईल. दोऱ्याची जाडी आणि तुमचा हात यांनुसार थोडा फरक पडणारच.

असं का होतं, ते गणिताच्या तासाला आठवा. त्रिज्या 1 सेंटीमीटरनं वाढली, की परीघ सुमारे 6.28 सेंटीमीटरनं वाढतो. रुमाल सुपारीएवढा असो की ताटाएवढा, वाढ तेवढीच! म्हणून 1 सेंटीमीटर रुंदीची नवी फेरी जोडायची, तर तिची बाहेरची कड आधीच्या कडेपेक्षा सव्वासहा सेंटीमीटर जास्त हवी. कमी पडली तर वाटी, जास्त झाली तर लाटा. अर्थात वाटीच हवी असेल, तर मुद्दाम कमी करा. रुखवतात ठेवायला छान टोपली होईल!

एक लक्षात ठेवा. मिटलेली कडी उलगडणं फार किचकट असतं. त्यामुळे आधी कागदावर मोजा, मग जाड दोऱ्यानं नमुना करून पाहा. जुना रुमाल मात्र उसवू नका, ओढू नका. नवा झाला, की वहीत लिहा : ‘मूळ नमुना आजीचा, बदल माझा.’

आईबाबांनाही एक सांगणं. असे कितीतरी नमुने कधी कागदावर उतरलेच नाहीत. ते विणणारीच्या बोटांत होते. दोरा जीर्ण होऊन तुटला, की नमुनाही गेला. आजी समोर आहे तोवर मुलांना तिच्याजवळ बसू द्या. मुलींना आणि मुलग्यांनाही! शटल धरायला बोटं लागतात आणि मोजायला डोकं. दोन्ही सगळ्यांकडे असतं.

काय मग, उघडताय ना ट्रंक?