दोन संगणक, दोन परवाने

प्रस्तावना

बेंगळुरू हे भारतातील संगणक-उद्योगाचे प्रमुख केंद्र मानले जाते. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये या शहरात आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या परदेशी कंपनीनेही येथे आपले केंद्र उघडले. अशा या शहरात आज अनेक घरांत एकाहून अधिक संगणक आढळतात. वडिलांच्या हिशेबासाठी घेतलेला जुना संगणक आणि मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला नवा लॅपटॉप, हे दृश्य येथील मराठी कुटुंबांतही अपरिचित नाही. घरात दोन यंत्रे आली की एक प्रश्न हमखास उभा राहतो: एका यंत्रावरील चांगली कार्यप्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का? घरातील भांडी एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवावीत तितके हे काम सोपे आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यात तंत्राचा भाग आहे तसाच कायद्याचाही आहे.

हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला कार्यप्रणालीचा परवाना म्हणजे काय हे समजेल, परवान्यांचे प्रकार ओळखता येतील आणि अशी अदलाबदल करताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.

आवृत्ती आणि संस्करण

संगणकाचे सुटे भाग जोडून यंत्र उभे राहते. परंतु त्या भागांकडून काम करवून घेणारा कारभारी वेगळाच असतो. या कारभाऱ्यालाच कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटणे, पत्र साठवले जाणे, छपाईयंत्राला आज्ञा मिळणे ही सर्व कामे तिच्याच देखरेखीखाली चालतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही घरगुती संगणकांवर सर्वाधिक आढळणारी कार्यप्रणाली होय.

विंडोज ७, विंडोज १०, विंडोज ११ या तिच्या आवृत्त्या आहेत. काळानुसार एकीमागून एक अशा त्या आल्या. विंडोज ७ ही २००९ मध्ये, विंडोज १० ही २०१५ मध्ये आणि विंडोज ११ ही २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच आवृत्तीची मात्र निरनिराळी संस्करणे असतात. 'होम' हे घरगुती वापराचे संस्करण, तर 'प्रो' हे व्यावसायिक वापराचे. प्रो संस्करणात दूर अंतरावरून त्या संगणकाचा ताबा घेण्याची सोय असते, तसेच कार्यालयाच्या जाळ्यात तो रीतसर जोडण्याची व्यवस्था असते. पत्रे लिहिणे, अभ्यास करणे, हिशेब ठेवणे यांसाठी होम संस्करण सहसा पुरेसे ठरते. म्हणून अदलाबदलीचा विचार करण्यापूर्वी प्रो संस्करणाची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न प्रथम विचारावा.

आपण विकत घेतो ते काय?

दुकानातून पुस्तक आणले म्हणजे त्या पुस्तकाची प्रत आपली होते. ते पुन्हा छापून विकण्याचा हक्क मात्र आपल्याला मिळत नाही. संगणकाच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. आपल्याला मिळतो तो ती वापरण्याचा परवाना.

हा भेद आपल्या न्यायालयांपुढे अनेकदा आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये निर्णय दिला की, तबकडीवर भरून विकली जाणारी तयार आज्ञावली ही विक्रीकराच्या दृष्टीने 'माल' आहे. पुढे बेंगळुरूमधीलच इंजिनिअरिंग अ‍ॅनॅलिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीचे प्रकरण गाजले. या कंपनीने स्वतःच्या वापरासाठी अमेरिकेतून तयार आज्ञावली मागवली होती. त्यासाठी दिलेली रक्कम म्हणजे लेखनहक्काचे मानधन आहे, म्हणून देतानाच तिच्यातून कर कापायला हवा होता, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ मध्ये खात्याची बाजू मान्य केली. परंतु २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. प्रत विकत घेणाऱ्याला केवळ वापराची मुभा मिळते, मूळ लेखनहक्कातील कोणताही वाटा मिळत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. खटला मोठ्या रकमांच्या कराचा होता. तथापि त्यातील तत्त्व घरातील एका संगणकालाही तितकेच लागू पडते. वापराची मुभा कोणत्या अटींवर मिळाली आहे, हे परवान्याच्या करारातच पाहावे लागते.

फडताळ आणि ट्रंक

घरगुती वापराच्या परवान्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. नवा लॅपटॉप विकत घेताना त्यात विंडोज आधीच भरलेली असते. हा परवाना यंत्र बनवणाऱ्या कंपनीमार्फत येतो आणि त्या यंत्राशी कायमचा बांधलेला असतो. तो भिंतीतल्या फडताळासारखा आहे. बिऱ्हाड बदलले तरी फडताळ भिंतीतच राहते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून अशा यंत्रांच्या मुख्य फलकावरील स्मृतीतच परवान्याची किल्ली नोंदवली जाऊ लागली. त्यामुळे यंत्र विकले तर परवानाही त्याच्याबरोबरच नव्या मालकाकडे जातो.

दुसरा प्रकार किरकोळ विक्रीचा. हा स्वतंत्रपणे विकत घेतलेला असतो व त्याची २५ अक्षरांची व अंकांची किल्ली ग्राहकाला मिळते. हा परवाना ट्रंकेसारखा आहे. तो मालकाबरोबर दुसऱ्या घरी जाऊ शकतो. अट एकच. एका वेळी तो एकाच संगणकावर असावा. नव्या यंत्रावर नेण्यापूर्वी जुन्या यंत्रावरून तो काढून टाकला पाहिजे.

याखेरीज महाविद्यालये व कार्यालये यांना एकत्रितपणे दिलेले परवाने असतात. ते त्या संस्थेच्या वापरासाठीच असतात. संस्थेतील कर्मचाऱ्याने ते घरच्या संगणकावर परस्पर वापरणे कराराच्या विरुद्ध ठरते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. विंडोज ७ असलेल्या अनेक संगणकांवर पुढे विंडोज १० विनामूल्य भरली गेली. तेव्हा मूळ परवाना ज्या प्रकारचा होता, त्याच प्रकारचे बंधन नव्या आवृत्तीलाही लागू राहिले. फडताळाला नवा रंग दिला म्हणून त्याची ट्रंक होत नाही.

अदलाबदल कितपत शक्य?

आता आरंभीच्या कुटुंबाचा विचार करू. समजा, वडिलांच्या जुन्या संगणकावर स्वतंत्रपणे विकत घेतलेला प्रो परवाना आहे आणि मुलीच्या लॅपटॉपमध्ये आधीच भरलेले होम संस्करण आहे. मुलीला अभ्यासासाठी प्रो हवे आहे. वडिलांना होम पुरेसे आहे. वरवर पाहता ही साधी अदलाबदल वाटते. परंतु नियम पाहिले असता ती अर्धीच शक्य आहे असे दिसते. वडिलांचा प्रो परवाना लॅपटॉपवर जाऊ शकतो. लॅपटॉपचा होम परवाना मात्र जुन्या संगणकावर येऊ शकत नाही. वडिलांच्या यंत्रासाठी वेगळी सोय करावीच लागते.

काही जण यावर एक युक्ती सुचवतात: दोन्ही यंत्रांच्या साठवण-तबकड्याच परस्परांत बदलाव्यात. या युक्तीने परवाना बदलत नाही, कारण त्याची नोंद तबकडीशी नव्हे तर मुख्य फलकाशी निगडित असते. शिवाय आजकाल अनेक यंत्रांतील माहिती सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद असते. अशी तबकडी दुसऱ्या यंत्रात बसवली की ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती कोठे नोंदवली आहे हे ठाऊक नसेल, तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे व हिशेब तबकडीवर असूनही हाती लागत नाहीत. परवान्याची किंमत पैशांत भरून काढता येते. हरवलेली माहिती पुन्हा मिळवता येत नाही.

कधी कधी सर्वांत सोपा उपाय नजरेआड राहतो. दोन्ही यंत्रे कुटुंबाचीच असतील, तर परवाने हलवण्याऐवजी माणसांनीच यंत्रे बदलावीत. आपापली माहिती एकमेकांच्या यंत्रावर नेली की कोणत्याही कराराला धक्का न लागता काम होते.

कामाचा क्रम

परवाना हलवायचाच असेल, तर पुढील क्रम पाळावा. प्रथम दोन्ही यंत्रांवरील सर्व माहितीची प्रत बाहेरील तबकडीवर घ्यावी आणि ती उघडते याची खात्री करावी. दुसरे म्हणजे, पुनःप्राप्ती-किल्ली शोधून कागदावर लिहून ठेवावी. तिसरे, प्रो परवान्याची २५ अक्षरी किल्ली व खरेदीची पावती हाताशी ठेवावी. चौथे, जुन्या संगणकावरून तो परवाना काढून टाकावा. त्यानंतरच लॅपटॉपच्या सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्टिव्हेशन' या भागात जाऊन किल्ली बदलावी.

होमवरून प्रोकडे जाताना आपल्या फायली जागच्या जागी राहतात. प्रोवरून होमकडे उतरताना मात्र कार्यप्रणाली नव्याने भरावी लागते. चढताना दार उघडे असते, उतरताना घर रिकामे करावे लागते. लॅपटॉपचा मूळ होम परवाना यामुळे नष्ट होत नाही. तो मुख्य फलकात नोंदलेलाच असतो.

जुन्या यंत्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक ठरवण्यात आली. अनेक जुनी यंत्रे या अटी पूर्ण करू शकत नाहीत. अशा यंत्रासाठी नवा परवाना घेणे म्हणजे पडक्या भिंतीला नवे दार बसवणे होय.

स्वस्त परवान्याचा मोह

बेंगळुरूचा एस. पी. रोड हा संगणक व त्याचे सुटे भाग मिळण्याचा प्रसिद्ध बाजार आहे. अशा कोणत्याही बाजारात, किंवा इंटरनेटवर, नाममात्र किमतीत किल्ली मिळाली तर ती कोठून आली हे विचारावे. ती एखाद्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातील असू शकते आणि केव्हाही रद्द होऊ शकते. परवान्याची तपासणी चुकवणाऱ्या आज्ञावल्यांतून तर घातक विषाणूही घरात शिरतात.

१९५७ च्या लेखनहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब घालण्यात आले. आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी तरतूद त्यात करण्यात आली. वापर नफ्यासाठी वा व्यवसायासाठी नसेल, तर सबळ कारणे नोंदवून कैद न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयास देण्यात आली. म्हणजे घरगुती वापर असला तरी तो निर्धोक नाही. याच कायद्याने प्रामाणिक ग्राहकाचे हितही जपले आहे. रीतसर मिळवलेल्या प्रतीची, ती नष्ट होण्याच्या भीतीने, राखीव प्रत करून ठेवण्याचा हक्क त्याला आहे.

मुक्त मार्ग

वडिलांच्या जुन्या संगणकासाठी आणखी एक मार्ग खुला आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. ज्या परवान्याखाली ती दिली जाते, तो वापरण्याची, प्रती करण्याची व वाटण्याची मुभा देतो. ती दोनच काय, वीस यंत्रांवर भरली तरी करारभंग होत नाही. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने लिनक्सवर आधारित 'बॉस' ही कार्यप्रणाली तयार केली असून तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. बेंगळुरूच्या सुदर्शन लेआउट या गरीब वस्तीत मुक्त आज्ञावली चळवळीच्या स्वयंसेवकांनी अशाच मुक्त कार्यप्रणालीवर मुलांना संगणक शिकवले. अर्थात, काही हिशेबाच्या आज्ञावल्या फक्त विंडोजवरच चालतात. म्हणून आपले नित्याचे काम नव्या प्रणालीवर होते का, हे आधी पडताळून मगच बदल करावा.

समारोप

संगणक घरात आणताना आपण त्याची पावती जपतो. परवान्याचा कागद मात्र फेकून देतो. वास्तविक तो कागदही घराच्या कागदपत्रांइतकाच मोलाचा असतो. आपला परवाना फडताळ आहे की ट्रंक, हे एकदा ओळखता आले की पुढचे निर्णय सोपे होतात. जाणता ग्राहक पैसे वाचवतो, कायदा पाळतो आणि आपली माहितीही सुरक्षित ठेवतो.

स्वाध्याय

१. आवृत्ती आणि संस्करण यांतील फरक उदाहरणासह सांगा.
२. 'फडताळ' आणि 'ट्रंक' या उपमा कोणत्या परवान्यांसाठी योजल्या आहेत? त्या समर्पक का वाटतात?
३. पाठातील कुटुंबाची अदलाबदल अर्धीच शक्य का आहे?
४. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्णयातील तत्त्व चार-पाच वाक्यांत लिहा.
५. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या संगणकावरील परवाना कोणत्या प्रकारचा आहे, ते शोधून त्याची नोंद वहीत करा.